उन्हाकडे झुकलेली भिंत

आमच्या स्तुझिन्स्कमध्ये भिंत दोनदा बांधली जाते. एकदा गवंडी बांधतो आणि एकदा थंडी. गवंड्याचं काम निदान तपासता येतं.

थंडीत बांधकाम करू नये, हे लहान पोरालाही कळतं. पण घर एकतीस डिसेंबरला ताब्यात द्यायचं असतं, कारण सरकारची वर्षाची योजना त्याच दिवशी संपते. एक जानेवारीला दिलेलं घर हे न दिलेलंच घर. त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत आम्ही विटांची वाट पाहायची, विटा आल्या की बर्फ पडायची वाट पाहायची आणि नाकातले केस कडक झाले की कामाला लागायचं. चुना-सिमेंटचा माल गरम करून वर न्यायचा, थापीनं विटेवर टाकायचा. वीट ठेवेपर्यंत तो गोठतो. अशी भिंत दगडापेक्षा टणक लागते. मार्चमध्ये ऊन पडतं, आतला बर्फ सुटतो, माल जागा होतो आणि त्याला आठवतं की आपण विटा अजून धरलेल्याच नाहीत. मग भिंतीची लापशी होते आणि ज्या बाजूला ऊन, त्या बाजूला ती कलते.

यावर उपाय आहे. मालात पोटॅश घालायचं. पोटॅश असलं की माल थंडीतही, रडतखडत का होईना, धरतो. हे व्यवस्थापकापासून चहावालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर पगारच ते ठाऊक असण्याचा मिळायचा. मी बांधकाम मंडळाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. थोडक्यात, ज्ञानाची टंचाई नव्हती. टंचाई पोटॅशची होती.

त्या वर्षी पोटॅशची पोती नोव्हेंबरात एका रात्रीत नाहीशी झाली.

कापितोलिना येगोरोव्ना दार न वाजवताच व्यवस्थापकांच्या खोलीत घुसली. ती गवंड्यांच्या टोळीची मुकादम. तिच्या लोकरी बुटांवर चुन्याचे पोपडे होते आणि गालिचा नवा होता. मी तिथे मालाच्या चाचणीचे आकडे घेऊन बसलो होतो.

"माझं पोटॅश कोणी नेलं?"

"तुझं नाही, राज्याचं," व्यवस्थापक वेनियामिन साव्विच चहाच्या पेल्यात चमचा फिरवत म्हणाले.

"पोती राज्याची असतील. भिंत माझी आहे!"

"ओरडू नकोस. सात नोव्हेंबरला, क्रांतिदिनाच्या मंचाच्या पायऱ्यांवर हा एवढा बर्फ होता. शहराचं मीठ आलं नाही, म्हणून पोटॅश टाकलं. प्रांताचे पक्षसचिव सगळ्यांदेखत घसरले असते तर?"

"म्हणजे ते उभे राहावेत म्हणून घर आडवं करायचं?"

"मोठी बोलतेस."

"मोठ्यानं बोलते. मोठं तुम्ही बोलता, मंचावरून. तिसरा-चौथा मजला मी पोटॅशशिवाय रचणार नाही. दोन मजले झालेत, छप्पर टाका. वरचे उन्हाळ्यात बांधू."

"योजनेत चार आहेत."

"मग योजनेला सांगा, बाहेर ये आणि एक वीट रचून दाखव!"

वेनियामिन साव्विच हसले. त्यांचा राग कधी दिसत नसे, दुसऱ्यांना त्यांचा आलेलाच दिसे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्काद्येविच, हिच्या आईचे पाय आता कसे आहेत हो?" जणू पाय माझ्या प्रयोगशाळेत ठेवले होते.

तिची आई पेलागेया आणि ती स्टेशनमागच्या लाकडी बराकीत एका खोलीत राहत. संडास अंगण ओलांडून पलीकडे. हिवाळ्यात ते अंगण म्हणजे काच. कापितोलिना म्हातारीला पाठुंगळी घेऊन नेई, बाहेर उभी राही आणि परत आणी. कामावर असली की म्हातारी दिवसभर पाणीच पीत नसे.

"तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट तुझ्या नावावर लावलाय," व्यवस्थापक म्हणाले. "दक्षिणेकडचा. छान ऊन येतं. आत न्हाणीघर, गरम पाणी. म्हातारी टबात बसेल."

"दक्षिणेचा," ती म्हणाली. "जिथं ऊन पहिल्यांदा लागणार तिथं."

"सगळ्यांना दक्षिणच हवी असते."

ती गेली. जाताना बूट गालिच्यावर नीट पुसून गेली.

भिंत तिनं रचली. दुसऱ्या कोणी रचली असती तर आणखी वाईट रचली असती, एवढंच तिचं म्हणणं. मालाचे थर तिनं बोटापेक्षा बारीक ठेवले, कोपऱ्यांत लोखंडी सळया घातल्या, भिंत पुढे खाली बसेल तेव्हासाठी खिडक्यांच्या चौकटींवर फट सोडली. हाताखालच्या बायकांना ती इतक्या शिव्या घालायची की खालून जाणारे लोक टोपी काढायचे.

एकतीस डिसेंबरला बँडवाल्यांच्या तुताऱ्या ओठांना चिकटत होत्या म्हणून फक्त ढोल वाजला. बराकीतले सगळे जण गाठोडी, पलंग आणि नव्या घरात शकुन म्हणून सगळ्यांच्या आधी सोडायच्या मांजरी घेऊन बर्फात उभे होते. तळमजल्यावर ताबा समिती बसली. टेबलावर लोणच्याच्या काकड्या, वोडका आणि शिक्का.

अध्यक्ष शिक्का उचलणार तेवढ्यात कापितोलिना पुढे आली.

"घर देऊ नका. वरच्या दोन मजल्यांत पोटॅश नाही. मार्चमध्ये दक्षिणेची भिंत लापशी होईल. उन्हाळ्यापर्यंत कुलूप लावा, आत टेकू लावा, मग द्या."

मग रिम्मा बोलली. बराकीत कापितोलिनाच्या शेजारच्या खोलीत राहणारी, बेकरीत काम करणारी, अंगानं भट्टीसारखी.

"अगं काप्के, तुझ्या तोंडात बर्फ पडो! उन्हाळ्यापर्यंत? माझ्या पोरांनी तोवर त्या डुक्करखान्यात खोकायचं?"

"खोकतील, पण जगतील!"

"तूच बांधलंस ना? वाईट बांधलंस तर लाज वाटायला हवी. आणि चांगलं बांधलंस तर थोबाड बंद ठेव!"

टाळ्या पडल्या. आमच्या शहरात त्या दिवशी मनापासून वाजलेल्या त्या एकट्याच.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रयोगशाळेचं काय म्हणणं?"

"बाईचं बरोबर आहे," मी म्हणालो. "गोठलेला माल सुटल्यावर चाचणी घेतली. ताकद शून्य."

"आणि गोठलेला असताना?"

"गोठलेला असताना उत्तम."

"मग आत्ता तो कसा आहे?"

"आत्ता गोठलेला आहे."

"म्हणजे उत्तम," अध्यक्ष म्हणाले आणि शिक्का मारला. या उत्तराला शास्त्रात तोड नाही. मी आजही शोधतो आहे.

वेनियामिन साव्विचनी कापितोलिनाला जवळ बोलावलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "ज्या घरावर तुझा विश्वास नाही, त्यात तुला कोंबून मी पाप का घेऊ? फ्लॅट एका गरजूला देतो." तो गरजू त्यांच्या बायकोचा मावसभाऊ निघाला.

"द्या," ती म्हणाली. "पण माझ्या भिंतीला हात लावू नकोस म्हणून त्याला सांगा. खिळासुद्धा मारायचा नाही."

त्या रात्री शहर नवीन वर्ष साजरं करत होतं आणि तिनं आईला पाठुंगळी घेऊन अंगण ओलांडलं. म्हातारी म्हणाली, "टब केवढा होता गं?" कापितोलिना मला हे सांगताना रडली नाही. हातातली थापी तिनं बादलीत अशी आपटली की बादलीचा तळ गेला.

फेब्रुवारीभर तिनं लाकडी खांब जमवले. कुठून, ते विचारू नये. आमच्याकडे जमवलेल्या वस्तूला आईबाप नसतात. मार्च लागला आणि ऊन पडलं. छपरावरून थेंब सुरू झाले. कापितोलिना टोळीतल्या बायका घेऊन घराघरांत घुसली आणि प्रत्येक खिडकीच्या माथ्याखाली खांब ठोकू लागली.

"माझा नवा वॉलपेपर!" रिम्मा दारात आडवी झाली.

"बाजूला हो."

"नाही होत! आता तर काप्के, तुझा द्वेष दिसतोय. स्वतःला मिळालं नाही म्हणून आमच्या घरात जंगल उभं करतेस?"

"जंगल झालं तर मशरूम वेच! हो बाजूला!"

खांब लागले. पण खरा शत्रू बाहेर होता, आकाशात. आतली अर्धी भिंत हिवाळाभर रेडिएटरच्या उबेनं थोडीफार धरली होती. बाहेरची अर्धी ऊन खाऊन मऊ पडत होती. सावली हवी होती. मंडळाकडे ताडपत्र्या होत्या, पण त्यांखाली व्यवस्थापकांच्या बागबंगल्याच्या विटा झाकलेल्या होत्या.

"गालिचे," कापितोलिना म्हणाली. "तुमच्या भिंतींवरचे गालिचे काढा. बाहेरून टांगायचे."

घर हादरलं नव्हतं एवढे लोक हादरले. साहेबांची कचेरी सोडली तर आमच्याकडे गालिचा पायाखाली घालत नाहीत. तो पलंगाशेजारी भिंतीवर असतो. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी राहतात, तो हुंड्यात जातो, घटस्फोटात त्याच्यावरूनच भांडण होतं. तो उघड्यावर, वितळत्या बर्फाखाली टांगायचा? आजवर नुसते रागावलेले लोक आता एकजूट झाले. तिला जिन्यावरून अक्षरशः ढकलून काढलं.

आठ मार्चला, महिला दिनाच्या सकाळी, स्वच्छ ऊन पडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खिडकीपासून छपरापर्यंत एक बारीक रेघ चालत गेली. मावसभावानं बाहेर पळायला दार ओढलं तर ते चौकटीत आवळून बसलेलं. तो आतून बोंबलू लागला. कापितोलिनानं कुऱ्हाडीनं दार फोडलं; तो चड्डीवर बाहेर आला, बर्फात गेला आणि पुन्हा त्या घरात आला नाही.

मग मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत वेगवान सामाजिक जागृती पाहिली. चार मजल्यांवरून गालिचे खाली येऊ लागले. रिम्मानं आपला पहिला आणला, लाल, हरणांचा. "घे! भिजला तर तुझी कातडी सोलून टांगीन!"

"टांग. सावली तेवढीच वाढेल! दोर पकड!"

दुपारपर्यंत दक्षिणेची सगळी भिंत हरणं, गुलाब आणि मोर यांनी झाकली गेली. नेमकी त्याच वेळी प्रांताहून महिला समितीची गाडी आली. वेनियामिन साव्विच गाडीतून उतरले, भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा दोन श्वास पांढरा राहून तिसऱ्याला गुलाबी झाला. तो माणूस उगीच वर चढलेला नव्हता.

"महिला दिनानिमित्त," ते म्हणाले, "आमच्या रहिवासी भगिनींनी स्वयंस्फूर्तीनं केलेली सजावट."

समितीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. छपरावर दोर धरून बसलेल्या भगिनीनं वरून जे उत्तर दिलं, ते वर्तमानपत्रानं छापलं नाही. फोटो मात्र छापला. पुढच्या वर्षी फर्मान निघालं की आठ मार्चला प्रत्येक इमारतीवर गालिचे लावावेत, उत्तरेकडूनसुद्धा. वेनियामिन साव्विचना पदक मिळालं. पोटॅशचं नाव कोणी काढलं नाही.

भिंत पडली नाही. दिवसा गालिचे, रात्री पुन्हा गारठा. महिनाभर ती हळूहळू सुटत, बसत, धरत गेली. मेअखेर मी ओळंबा सोडला. वरच्या टोकाला ती चार बोटं बाहेर गेली होती, उन्हाकडे. आता ती तशीच राहणार होती, दगडासारखी आणि वाकडी.

कोपऱ्यातला फ्लॅट कोणी घेईना. ज्यांना वर्षानुवर्षं घर मिळालं नव्हतं त्यांनीही किल्ली परत केली. शेवटी ती कापितोलिनाकडे आली, कारण यादीत नाव न कापलेलं तिच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं.

"घेणार?" मी विचारलं.

"नाही घेऊन काय? पडायची ती मार्चमध्येच पडली असती. माझी आई त्या भिंतीपेक्षा वाकडी आहे. तिला टाकलं का मी?"

गृहप्रवेशाला आम्ही गेलो. कपाट भिंतीला टेकत नव्हतं. खाली टेकलं तर वर हात जाईल एवढी फट. रिम्मानं भट्टीतून कोबी भरलेला मोठा पाव आणला आणि तो ठेवता ठेवता भिंतीवरून सुनावलं. कापितोलिनानंही सुनावलं. पेलागेया टबात होती. दुपारी बसली होती. बाहेर यायला तयार नव्हती. आतून मधूनमधून, "अजून गरम येतंय!" असं ओरडत होती.

बेल वाजली. दारात वेनियामिन साव्विच, कोटावर पदक, हातात काचेच्या झुंबराचं खोकं. जिन्यात शेजारी जमले.

"अभिनंदन, कापितोलिना येगोरोव्ना! बघ, शेवटी मिळालं की नाही? आत नाही बोलावणार?"

ती उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं हात पुढे केला. "द्या हात."

व्यवस्थापकांनी उंबऱ्याकडे पाहिलं. आमच्याकडे उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत. आधी आत यायचं, मग हात. उंबऱ्यावरून मिळवला तर दोघांत जन्माचं वैर होतं, असं म्हणतात.

"अगं, आत तर येऊ दे. उंबऱ्यावरून कशाला?"

"का? अपशकुन मानता?" तिनं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं. "पक्षाचे सभासद ना तुम्ही? पक्षात तर असलं काही मानत नाहीत."

रिम्मानं पाव कापायचा थांबवला. वेनियामिन साव्विचनी खोकं पायाशी ठेवलं, इकडेतिकडे पाहून हसले आणि हात पुढे केला. तिनं तो आपल्या मुठीत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचं हसू हळूहळू ओठांवरून उतरलं, मग चेहऱ्याचा रंग.

"झालं," ती म्हणाली. "आता मनासारखं भांडता येईल."

आणि तिनं आपल्या घराचं दार लावलं.