पाहुणी पुस्तकं

आमची कंपनी पुस्तकं वाचायची यंत्रं बनवते. आमच्याच दुकानातून घेतलेल्या पुस्तकांना ऑफिसात 'घरची' म्हणतात आणि लोकांनी केबल लावून स्वतः भरलेल्यांना 'पाहुणी'. "पाहुण्यांनीच मुक्काम ठोकला तर दुकान चालायचं कसं?" असं साहेब म्हणतात, आणि आम्ही पगारापुरतं हसतो.

त्या दिवशी सकाळी नवं अपडेट सुटलं. पडद्यावरचे प्रश्न तपासणं माझं काम, पण ऐनवेळी मला न विचारता कुणीतरी एक प्रश्न फिरवला होता. आधी होतं, 'बाहेरची पुस्तकं ठेवायची का?' आता झालं, 'काढायची का?' मला ते दुपारी दिसलं आणि मी आधी फोन शोधला.

कारण बाबांना मीच पढवलं होतं, "ते काहीही विचारू दे, हो दाबायचं." आणि त्यांच्या यंत्रात एकच पाहुणं पुस्तक होतं, आईने जाण्याआधी टाइप केलेल्या आठवणी. तिचा कॉम्प्युटर तिच्यामागोमाग गेला. दुसरी प्रत काढायचं आज-उद्या करत राहिलं. बाबा यंत्र हातातून सोडतील तर ना.

फोन केला, उचलला नाही. वाचायला बसले की ते फोन आतल्या खोलीत उशीखाली ठेवतात. साहेबांना म्हटलं, "अपडेट थांबवा."

"सुटलेला बाण आहे तो," साहेब म्हणाले. "आणि कटकट कशाला? पुढच्या वेळी प्रश्नच नसेल. पाहुणे आपोआप बाहेर."

मी पर्स उचलली आणि टॅक्सी पकडली. प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरचा राग येत होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

बाबा खुर्चीत होते. यंत्र मांडीवर, दोन्ही हात त्यापासून लांब.

"बाबा, हो दाबलंत?"

"तू सांगितलंस खरं," ते म्हणाले. "पण हे म्हणतंय, काढायची का. तुझ्या आईला काढ म्हणायला हो कसं म्हणू गं? सकाळपासून असाच बसलोय."

मी त्यांच्याजवळ खालीच बसले. "नाही दाबा, बाबा."

त्यांनी दाबलं. आईचं पान जिथे सोडलं होतं तिथेच उघडलं. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पुन्हा विचारेल का गं हे?"

"नाही," मी म्हणाले.

ते निर्धास्त होऊन वाचायला लागले. मी पर्समध्ये केबल शोधत होते. खोटं बोलले नव्हते. पुढच्या वेळी ते विचारणार नव्हतं.