पऱ्हाटीची माळ विणणारी सुई

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. दुकानातल्या गुळगुळीत, रंगीत मुठीच्या सुया पाहून आलात तर माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा, मित्रांनो. त्या सुया साच्यातून शेकड्यांनी बाहेर पडतात. मी मात्र जन्मले ती सायकलच्या चाकाची तार म्हणून.

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात लहानूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची बहीण कमलाबाई तेव्हा शाळकरी होती. शाळेतल्या बाईंकडून ती क्रोशाचं विणकाम शिकली आणि घरी सुईसाठी हट्ट धरून बसली. लहानूने एका मोडक्या चाकातली तार उपसली आणि अख्खी दुपार तिचं टोक कानशीने घासलं. मग त्यात बारीकशी खाच पाडली आणि दुसऱ्या टोकाला ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली. कानशीखाली मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. पण चाकात पस्तीस जणींबरोबर गरगरण्यापेक्षा एका मुलीच्या बोटांत राहणं मला जास्त आवडलं.

पुढची कितीतरी वर्षं माझी होती. मी रुमाल विणले, तोरणं विणली, टीव्हीवर घालायची झाकणं विणली. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना मी विणलेली झालर आजही कमलाबाईच्या भिंतीवर आहे. गावात मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी बाया कमलाबाईकडे येत आणि तिच्या हाताचं कौतुक करीत. माझं कुणी करीत नसे. मला राग येई, पण तो मी टाक्यांत जिरवत असे.

मग बाजारात तयार झाकणं आली आणि टीव्ही भिंतीवर चढले. मी बिस्किटांच्या डब्यात तुटक्या बटणांच्या शेजारी जाऊन पडले. कधीमधी मला बाहेर काढत ते सलवारीत नाडा ओवायला. एकदा तर शेगडीचं बुजलेलं छिद्रही माझ्याकडून मोकळं करून घेतलं. तो अपमान मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मला डब्यातून काढलं ते लहानूच्या मुलीने, जागृतीने. ती कॉलेजात शिकते आणि आठवड्यातून दोनदा वर्ध्याजवळ पिपरी मेघेला दागिन्यांच्या वर्गाला जाते. तिथे वर्षालीताई शिकवतात. काचेचे बारीक मणी आधी दोऱ्यात ओवायचे आणि मग सुईने एकेका टाक्यात एकेक मणी गुंफत गोल, दोरीसारखी माळ विणायची, असं ते काम. माझं टोक तिथल्या सगळ्या सुयांपेक्षा बारीक निघालं. वर्षालीताई म्हणाल्या, ही गंजकी सुई टाकून दे, आम्ही नवी देतो. जागृतीने नवी घेतली, दोन दिवस वापरली आणि पिशवीच्या तळाशी टाकली. मी मनातून फार सुखावले.

खरी अडचण पुढेच होती. वर्षालीताईंच्या वर्गात सगळ्याजणी एकाच फोटोवरून सोनेरी-गुलाबी माळ विणत. जागृतीला स्वतःच्या नक्षीची माळ करायची होती. जानेवारीत वर्ध्याला प्रदर्शन भरणार होतं. तिथे वर्गाच्या टेबलावर कोणाची माळ मांडायची हे वर्षालीताई ठरवणार होत्या. तिथे स्वतःच्या नक्षीची माळ लागली, तर पुढेही स्वतःचं काही करता येईल, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोंवरून विणत बसावं लागेल, अशी धास्ती तिच्या मनात होती. ती फोनमध्ये तासन् तास नक्ष्या शोधायची. कुठल्या कुठल्या समुद्रांचे निळे रंग, परदेशी झाडांचे फिकट मोहर. त्यांवरून आम्ही दोन बांगड्या विणल्या. टाके सुबक होते, पण जागृतीने त्या एकदाही हातात घातल्या नाहीत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी कमलाबाई कापूस वेचून आली. कंबरेची ओटी सोडताना तिच्या लुगड्यातून एक सुकलेलं फूल पडलं. हे कोणतं, असं जागृतीने विचारलं, तेव्हा आत्या तिच्याकडे बघतच राहिली. जन्म नाचणगावात गेला आणि पोरीला पऱ्हाटीचं फूल ओळखता येईना. कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. मग आत्याने तिला समजावलं, की हे फूल पहिल्या दिवशी साईसारखं फिकट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळून पडतं. त्यामागे बोंड धरतं, बोंड पिकून फुटतं आणि कापूस बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी जागृती आत्याबरोबर शेतात गेली. आधी मला केसांत खोचायला ती विसरली नाही. तिने पान, दोन्ही रंगांची फुलं आणि बोंडाचं वाळलेलं टरफल वहीत घातलं आणि ती वही घेऊन वर्ध्याच्या मण्यांच्या दुकानात गेली. एकेक मणी पाकळीवर ठेवून तिने रंग जुळवले. टरफलासारखे मातकट मणी एका बरणीच्या तळाशी निघाले. हे कोणी घेत नाही, दुकानदार म्हणाला. जागृतीने सगळे घेतले.

आता ओवण्याचं काम. या कामात क्रम उलटा असतो. जो मणी माळेत सगळ्यात आधी हवा, तो दोऱ्यात सगळ्यात शेवटी जातो. दीड हजारांच्या आसपास मणी होते. कमलाबाई मदतीला बसली. ताटलीतून ती रंगाप्रमाणे मणी वेचून देई आणि जागृती ओवी. कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात एकदम चालतात आणि नजर पुढच्या झाडावर असते. कमलाबाईने मणीही तसेच वेचले. आणि कापसाच्या पांढऱ्या मण्यांत एक गुलाबी मणी निघून गेला.

तो सापडला पार शेवटी, माझ्या टोकाशी येऊन उभा राहिला तेव्हा. खरं सांगते, मलाही तो खुपला. अशा वेळी पकडीने मणी फोडून टाकतात, दोरा शाबूत राहतो. जागृतीने पकड उचलली.

"फोडू नको त्याले," कमलाबाई म्हणाली. "पऱ्हाटी आहे तं अळी असनच. बिनअळीची पऱ्हाटी पाह्यली काय तू कधी?"

गुलाबी बोंडअळी. पांढऱ्या कापसात नेमकी तशीच दिसते. जागृती हसत सुटली आणि पकड खाली ठेवली. मी तो मणी टाक्यात घट्ट आवळून घेतला.

प्रदर्शनाला दोन दिवस असताना तिने माळ पिपरी मेघेला नेली. टोकं अजून जोडायची होती. वर्षालीताईंनी ती हातात धरून पाहिली. रंग मळके आहेत, म्हणाल्या, आणि हा एक मणी चुकलाय. उसव आणि फोटोतल्यासारखी करून आण, नाहीतर टेबलावर जागा नाही.

जागृती घरी आली. जेवली नाही. माळेच्या टोकाचा शेवटचा फास माझ्यात अडकलेला होता, तो तिने सोडवला आणि दोरा ओढला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मणी दोऱ्यावर सुटे होऊन घरंगळू लागले. मी बाजूला पडून होते आणि मला काही करता येत नव्हतं. इतका संताप मला शेगडीच्या छिद्रातही आला नव्हता.

कमलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "उसवाचं तं उसव. पण मंग ते माळ तिची होईन. तुयी नाई राहीन."

जागृतीने दोरा ओढणं थांबवलं. मग तिने मला उचललं. आम्ही ती दोन वळणं पुन्हा विणली, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि टोकं जोडून टाकली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. वर्षालीताईंचं टेबल भरलेलं होतं, सोनेरी-गुलाबी माळांची नुसती रांग. माळ तशीच आणलेली पाहून त्यांचा चेहरा बदलला. पण आत्या समोर उभी होती आणि माणसं येऊ लागली होती. त्यांनी टेबलाच्या कडेला जरा जागा केली आणि हळू आवाजात सांगितलं, ठेव, पण तो मणी मागच्या बाजूला फिरव, मानेमागे कुणाला दिसणार नाही.

जागृतीने माळ स्टँडवर चढवली. दोन्ही हातांनी फिरवली. गुलाबी मणी अगदी मधोमध पुढे आणून ठेवला.

"अळी आहे ताई ते," ती म्हणाली. "आमच्या पऱ्हाटीवर असते. लपवू काऊन?"

वर्षालीताई आलेल्या माणसांकडे वळल्या. जागृतीने चिठ्ठीवर आपलं आणि आत्याचं नाव लिहिलं आणि ती माळेखाली ठेवली. ती माळ विकली गेली का, हे मला विचारू नका. ती टेबलावर होती, अळी पुढे घेऊन होती आणि नावासकट होती.

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कपाटात जपून ठेवाल तर गंजून तुमची बोटं काळी करीन. मला वापरा. आणि तुमच्या हातून काही नवं होत असताना कोणी उसवायला सांगितलं, तर माझ्याकडे आशेनं पाहू नका. विणायला सुई लागते. उसवायला कुणाचंही एक बोट पुरतं.