झेंड्याच्या रांगेत सहावी

"मला नको, सर," मी म्हटलं.

स्टाव्रिनोस सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक तेच, गणिताचे शिक्षक तेच, आणि शिपाई आजारी असला की घंटा वाजवणारेही तेच. समोरच्या कागदावर शेवटच्या वर्गातल्या आम्हा सहाजणांची नावं होती. पुढे गेल्या वर्षीचे गुण, वीसपैकी. सगळ्यात वर मी, एकोणीस पूर्णांक आठ दशांश. माझ्याखाली अनेझिना, एकोणीस पूर्णांक पाच दशांश.

"नियम आहे, एवान्थिया. ज्याचे गुण जास्त, तो अठ्ठावीस ऑक्टोबरला, राष्ट्रीय दिनाच्या संचलनात, झेंडा धरतो. बाकीचे पाच त्याच्यामागे. यात माझं काही चालत नाही."

"पण हे गुण अथेन्सचे आहेत. इथले नाहीत."

"गुणांना बोटीचं तिकीट लागत नाही, पोरी," सर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले की आईची लेखी चिठ्ठी आणलीस तर बघू.

ते गुण मी कसे मिळवले होते, ते सरांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. अथेन्सला सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, शिकवणीनंतर शिकवणीचा अभ्यास. वर्गात सत्तावीसजण, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे गुण पाठ. मार्चमध्ये एकदा फळ्यापाशी माझा हात थांबला. खडू बोटांत होता, गणित डोक्यात होतं, पण हात काही पुढे जाईना. पंधरा दिवस पेन धरता आलं नाही. आई नर्स आहे. तिनं कुणाला विचारलं नाही. या बेटावरच्या दवाखान्यात बदली मागून घेतली आणि सप्टेंबरात आम्ही दोन बॅगा घेऊन धक्क्यावर उतरलो.

पहिल्या दिवशी मी पावणेआठला शाळेत पोचले, तर फाटकाला कुलूप. अर्ध्या तासानं माझ्याच वर्गातला निकीतास आला, गळ्यात किल्ली अडकवून. त्याचं घर शाळेला लागून, म्हणून किल्ली त्याच्याकडे. तो जांभई देत म्हणाला, "एवढ्या लवकर? झोप येत नाही का तुला?" भौतिकशास्त्राच्या बाई शेजारच्या बेटावरून बोटीनं येत, आणि वारा सुटला की येत नसत. त्या दिवशी वारा सुटला होता. आम्ही तुतीच्या झाडाखाली बसून राहिलो. कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

मला आधी भीती वाटली. अथेन्सला एक तास बुडाला म्हणून मी रडले होते. मग हळूहळू सवय झाली. सकाळी उठलं की आधी खिडकीतून लाटा बघायच्या. पांढऱ्या फेसाच्या असल्या की भौतिकशास्त्र नाही. इतिहासाचे सर ऊन पडलं की वर्ग पायऱ्यांवर घेत, आणि शिकवता शिकवता कुणाच्या तरी होडीचं इंजिन का बंद पडलं यावर जात. मधल्या सुट्टीत मी वही उघडली की अनेझिना म्हणायची, "अथेन्सवाली, मीट ती. पळून नाही जात." तिनं मला सोंगट्या शिकवल्या, फासे कसे फेकायचे ते शिकवलं, आणि मी हरले की सगळ्यांना ओरडून सांगितलं. हरण्यात इतकं हलकं वाटतं, हे मला सतराव्या वर्षी कळलं.

एकदा तुतीखालच्या बाकावर मला झोप लागली. जागी झाले तेव्हा अंगावर अनेझिनाचं जाकीट होतं, आणि तिची मारुली आजी कोबीची टोपली घेऊन समोर उभी होती. ही आजी गावात ज्याच्या-त्याच्यावर दोन ओळी रचायची. माझ्यावरही तिनं तिथल्या तिथं रचल्या:

डोळ्यांत नीज घेऊन आली पाण्यापल्याडची लेक,
तुतीच्या सावलीला, बाई, घटकाभर तू टेक.

मला टेकायचंच होतं. तेवढंच हवं होतं मला त्या बेटाकडून. म्हणून झेंडा नको होता. पुन्हा पहिलं नाव, पुन्हा सगळ्यांच्या नजरा. शिवाय तो अनेझिनाचा होता. मी आले नसते तर तिचाच.

आईनं दोन रुग्णांच्या मधे उभ्याउभ्या चिठ्ठी लिहून दिली. ती सरांना देऊन मी थेट अनेझिनाकडे गेले आणि सांगितलं. माझा चेहरा तेव्हा नक्कीच खुललेला असणार, भेट देणाऱ्याचा असतो तसा.

तिनं फासे खाली ठेवले.

"माझ्यासाठी सोडलास?"

"तुझाच होता ना."

"माझा होता. मे महिन्यापासून. आजी तर वाटेवरच्या गाढवालाही सांगत होती. मग तू आलीस, जास्त गुण घेऊन आलीस. ठीक आहे, रडले मी एक दिवस, संपलं. पण आता काय? अथेन्सच्या पोरीनं टाकला तो अनेझिनानं उचलला? हे ऐकत चालू मी गावातून?"

"तसं नाही गं. मी दमलेय. खरंच दमलेय. मला पहिलं यायचंच नाही आता."

"मग दमलेलीच चाल की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "इथं कोण दमलेलं नाही? माझा बाप जाळी ओढून येतो तेव्हा त्याला चमचा धरवत नाही. तू दमलीस म्हणून वाटून टाकायची वस्तू आहे का ती?"

ती उठून गेली. सोंगट्यांचा पट तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर तिचीही चिठ्ठी आली, बापाच्या सहीची. तिसरा नंबर निकीतासचा होता, तेरा गुणांचा. तो सरांना म्हणाला की माझ्या हातात दिलात तर झेंडा समुद्रात जाईल आणि त्याच्यामागून मी. कुणी हसलं नाही. तुतीखाली आम्ही सहाजण बसलो होतो आणि सहाजण सहा दिशांना बघत होतो. सर व्हरांड्यात उभे होते, तेही दमलेले, पंचवीस वर्षं या एका दिवसाची रांग लावून दमलेले.

मी आत गेले आणि माझी चिठ्ठी परत मागितली. सरांनी काही न विचारता ती माझ्या हातात दिली. बाहेर येऊन मी अनेझिनाला एवढंच म्हटलं की मी धरते. ती म्हणाली, "बरं." मग दप्तर उचलून घरी गेली.

अठ्ठावीसला वारा होता. बंदराच्या रस्त्यावर सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं. निळे स्कर्ट, पांढरे शर्ट, माझ्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याच्या खोबणीत झेंड्याची काठी. काठी एवढी जड असते हे कुणी सांगितलं नव्हतं. कापडात वारा भरला की ती मला मागे ओढायची. पुढे एकच ढोल होता, आणि त्याचा आवाज वाऱ्यानं समुद्राकडे उडवून नेला. चौथ्या-पाचव्या पावलालाच माझी लय सुटली. आणि काठीवर होता त्या फळ्यापाशी थांबलेला तोच हात.

तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला. ओठ न हलवता बोलावं तसा.

"डावा. डावा. डावा."

अनेझिना होती. मी पाय तिच्या आवाजाच्या हवाली केले.

सरपंच आणि पाद्री उभे होते तिथे हुकूम झाला. मागच्या पाचांनी माना उजवीकडे वळवल्या. झेंडा धरणाऱ्यानं मान वळवायची नसते, त्यानं समोर बघायचं. म्हणून डाव्या बाजूला बेकरीपाशी काय झालं, ते मी पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. फरशीवर खुर्ची सरकली. कुणीतरी म्हणालं, "बस गं मारुली, गुडघे बघ तुझे." आणि आजी म्हणाली, "झेंडा चाललाय. सोड मला."

त्या एका पावलापुरता मागचा आवाज थांबला. ते पाऊल मी एकटीनं टाकलं.

मग पुन्हा, थोडा घोगरा: "डावा."