महादूदादाची गिरकी

कार्तिकातलं उतरतं ऊन गावाबाहेरच्या आखराच्या मोकळ्या पटांगणावर तिरपं पसरलं की आधी महादूदादाच्या पायांतल्या चाळांचा नाद कानी यायचा, आणि मग धुळीच्या सोनेरी पडद्याआडून तो स्वतः प्रकट व्हायचा. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर आडवी चिरी, आणि मुद्रेवर असं काही करुण लावण्य, की जन्मल्यापासून त्याला पाहत आलेली मी, त्याची धाकटी बहीण, तीही क्षणभर संभ्रमात पडावी. इंग्रजी अंमलाची ती अखेरची वर्षं. आमचं गाव नवेगाव बांधाच्या तळ्याकाठचं. दिवाळी सरली की मंडईची जत्रा भरायची, मंडईत दंडार, म्हणजे नाचत-गात करायचा खेळ, व्हायची, आणि दंडारीतल्या राणीचा वेष दादाचा. एरवी जाळी विणणारा, डोंग्यात उभा राहून मासे धरणारा, दिवसभरात चार शब्दही न बोलणारा हा माणूस ढोलकीची थाप पडताच नखशिखान्त बोलका होई.

राजा रणात पडल्याची वार्ता येते आणि राणी शोकाने गरगर फिरत भुईवर कोसळते, असा त्या खेळातला प्रसंग होता. एका वर्षी दादाने गिरकी घेतली आणि त्याची टाच बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत अडकली. देह फिरला, पाय तिथेच राहिला. तो पडला तसे लोक भारावून गेले; बाया पदराने डोळे पुसू लागल्या. राणी आता उठेल, मग उठेल, म्हणून ढोलकीवाला ताल धरून थांबला होता. मी मात्र त्याच्या ओठांचा रंग पाहिला आणि धावले. रंगवलेल्या चेहऱ्याखालून तो हलकेच म्हणाला, "चंद्रे, कोनाले सांगू नको. मले उठता नाई येऊन राहिलं."

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने बांबूच्या कांबी लावून पाय घट्ट बांधला, आणि अख्खा हिवाळा दादा खाटेवर पडून राहिला. कांबी सुटल्या तेव्हा मांडी सुकलेल्या उसासारखी बारीक झाली होती आणि गुडघा वाकेना. पण पायापेक्षा मला त्याच्या डोळ्यांचं भय वाटू लागलं. कुणी खाटेजवळून गेलं तरी तो दोन्ही हातांनी गुडघा झाकायचा. दूरच्या गावाहून ढोलकीचा आवाज आला की घोंगडी पायावर ओढून भिंतीकडे तोंड करायचा. माय आपली कामं करत राही. पण डोंग्यात उभं न राहणाऱ्या कोळ्याचं पुढे काय, हा प्रश्न ती चुलीपुढे बसली की तिच्या पाठीवर दिसायचा.

शेवटी तिनेच स्टेशनापर्यंत बैलगाडी जुंपवली. छोट्या रेल्वेने आम्ही गोंदियाच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. हाड शाबूत आहे, सांध्याचे आतले बंध फाटले होते, ते जुळलेही आहेत. आता न हलवल्यानेच सांधा आखडला आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला एस्तेरबाईंकडे पाठवलं. मालिश आणि कसरत करवून पांगळे अवयव चालते करणं हे त्यांचं काम. प्रौढ, उंच, संथ हातांच्या बाई. त्यांनी गरम फडक्याने गुडघा शेकला आणि किंचित वाकवला मात्र, दादा असा ओरडला की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. बाईंनी हात काढला नाही आणि जोरही केला नाही. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबून त्या म्हणाल्या, "दुखेल, भैया. लेकिन दुखणं अलग, तुटणं अलग. तुझा गुडघा दोन्ही एकच समजून राहिला."

तिथे राहिलो तेवढ्या दिवसांत त्यांनी मला सगळं शिकवलं. टाच अंथरुणावर सरकवत जवळ आणायची, मग घोट्याला रेतीची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. आणि घराजवळ तळं आहे हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम बजावलं की छातीभर पाण्यात चालवा, पाणी अंगाचा भार निम्मा उचलतं.

ज्या तळ्यावर तो वाढला त्याच तळ्याच्या काठावर दादा उन्हाळ्यातल्या एका सकाळी पाऊल मागे घेत उभा राहिला. पाण्यावर कोवळं ऊन पसरलं होतं, पलीकडे पाणकावळे पंख वाळवत बसले होते, आणि माझ्या खांद्यावर त्याची बोटं रुतत होती. आम्ही हळूहळू आत गेलो. पाणी छातीशी आलं आणि त्याचा दुखरा पाय चिखलात फसला. त्याने दोन्ही हातांनी मला धरलं. मग पुटपुटला, "धरला. कोनीतरी माया पाय धरला." मीही घाबरले होते, क्षणभर मलाही वाटलं की खाली खरंच कुणीतरी आहे. तरी म्हटलं, "कोनी नाई, दादा. चिखल आहे. ओढ." त्याने डोळे मिटले आणि ओढला. पाय सुटला. दुखलं असणार, कारण त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं; पण तुटलं नव्हतं. त्याने तोच पाय पुन्हा, आपण होऊन, चिखलात ठेवला.

पावसाळाभर कसरत चालली, आणि पुढच्या मंडईत हिरवं लुगडं पुन्हा आखरावर आलं. राजा पडल्याची वार्ता आली. दादा थबकला. त्याच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. ढोलकीवाल्याने तोच ताल पुन्हा घेतला, आणखी एकदा घेतला, आणि सगळं आखर श्वास रोखून बसलं. मग दादा फिरला. पूर्वीसारखा वाऱ्यागत नव्हे, भुईला विचारत विचारत, पण पुरता फिरला. बाया रडल्या. मीही रडले, ती राणीसाठी नव्हे.

वेष उतरवताना तो खाली बसून चाळ सोडू लागला. म्हणाला, "एकदा नाचलो का भेव जाईल, वाटलं होतं. नाई गेलं." मी विचारलं, मग कायले नाचायचं? तो चाळ सोडत राहिला. "त्याले संगं घेऊनच नाचीन."

तसाच तो नाचला, केस पिकेपर्यंत. प्रत्येक वेळी गिरकीआधी क्षणभर थबके; परगावच्या लोकांना ती त्याची अदा वाटे. आता तो नाही. ज्याला काही होणंच उरलेलं नाही त्याच्यासाठी भिण्याचं कारण नाही, हे मन जाणतं. तरी कुठल्याही दंडारीत ढोलकी गिरकीच्या त्या तालाशी आली की माझा श्वास थांबतो, आणि तेवढ्या एका थांबलेल्या श्वासात काळाला पुढे जाता येत नाही.