वापरातली झीज

“कुत्रं कधी पाळलंत?” गाडीच्या दाराच्या आतल्या अंगावर टॉर्चचा झोत धरून त्याने विचारलं.

“नाही पाळलं.”

“मग हे ओरखडे कसले?”

“माझे आहेत,” लेक म्हणाली. “लिहा ना. पुढचं बघा.”

तो हसला. लेकीला लहानपणापासून चेहरा जराही न हलवता थट्टा करायची खोड होती. त्याने झोत पुन्हा दारावर नेला आणि ते हसू जागच्या जागी विरलं. चार रेघा होत्या, एकमेकींना धरून, कुलपाच्या खटक्यापासून खाली हात टेकायच्या जागेपर्यंत गेलेल्या. कुत्र्याचा पंजा एवढा रुंद नसतो. हे त्याला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं, कारण गेली एकोणीस वर्षं तो हेच करत होता.

या यार्डात गाड्या विकत नव्हत्या. महिन्याचं भाडं ठरवून तीन वर्षांच्या करारावर द्यायच्या, मुदत भरली की परत घ्यायच्या. परत आलेली प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून जाई. सगळे त्याला भिंगकाका म्हणत. त्याच्या खिशात प्लॅस्टिकचं एक कार्ड असे. कार्डाखाली झाकला गेला तो ओरखडा वापरातली झीज म्हणून माफ, कार्डाबाहेर आला की नुकसान. लोक बूटपॉलिशने चरे बुजवून आणत, चिखल फासून आणत, एका महाभागाने तर पोचा आलेल्या जागी बाळाचं चित्र चिकटवून आणलं होतं. भिंगकाकाने ते चित्र नखाने अलगद सोडवून, घडी करून त्याच्या हातात परत दिलं होतं. त्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय, असं यार्डात म्हणत आणि ते ऐकून तो मनातून सुखावत असे.

ही काळी, थोराड गाडी लेकीच्या नावावर होती. जावयाच्या औषधांच्या दुकानाची कागदपत्रं ऐनवेळी कधी जागेवर नसत, म्हणून करार तिच्या पगारावर झाला होता. चालवायचा मात्र जावईच. ती शेजारी बसायची.

शेजारच्या सीटसमोरच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात, वाटीएवढा तडा होता.

“दगड लागला?” त्याने विचारलं, पण बोट काचेवर ठेवताच त्याला समजलं. तडा आतून होता.

“डोकं,” ती म्हणाली.

“आणि हा कप्पा? झाकणाची बिजागरी तुटलीय.”

“गुडघे. मी पाय पोटाशी घेतले होते.”

त्याने लिहिलं. हात सवयीने लिहीत होता. तक्त्यात ‘कारण’ असा एक रकाना असतो, तो त्याने कोरा सोडला. मग त्याने विचारलं.

“कधी झालं हे?”

“कुठलं?” लेकीने विचारलं.

तो गाडीच्या उंबऱ्यावर बसला. ‘कुठलं’ म्हणजे हे एकदाच झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती एक पिशवी घेऊन घरी आली होती. तिची आई नुकतीच गेली होती आणि त्याला स्वतःचंच सुधरत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, निदान ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाला, संसारात भांड्याला भांडं लागतंच. संध्याकाळी तो स्वतः तिला सोडून आला. जावयाने दारातच त्याची माफी मागितली, इतक्या मऊ आवाजात, की भिंगकाकालाच ओशाळल्यासारखं झालं. असा नाकासमोर चालणारा माणूस. सासऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता पाठवणारा, आणि एक पैसा न घेणारा.

“हा दात पण लिहा हवं तर,” ती म्हणाली आणि तिने वरचा ओठ वर केला. “समोरचा, डावीकडचा. आठ महिने झाले. मीच बनवला.”

ती दातांच्या लॅबमध्ये होती. लोकांच्या कवळ्या बनवायची. आठ महिन्यांत ती दर रविवारी त्याच्यासमोर बसून जेवली होती, हसली होती. नुसत्या नजरेने दोन गाड्यांच्या काळ्या रंगातला फरक सांगणाऱ्या या माणसाला लेकीच्या तोंडातला परका दात दिसला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते काही उगाच नाही.

“रंग जुळवायला तीन दिवस लागले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात किंचित अभिमान होता, कारागिराचा. “बाबा, उठा आता. तो दुकानातून सहाला निघतो, त्याला वाटतंय मी लॅबमध्ये आहे. तोवर मला खूप लांब जायचंय. तुम्ही फक्त गाडी निवडून द्या. बाकी मी केलंय सगळं.”

तिने खरोखर सगळं केलं होतं. नव्या कराराची मंजुरी लॅबच्या पत्त्यावर आणवली होती. यार्डातल्या करारवाल्या मुलीने तिच्यासाठी तीन तयार गाड्या शेडमध्ये आणून ठेवल्या होत्या.

“छोटी हवी,” लेक बोटं दुमडत म्हणाली, “पळणारी हवी, आणि माझ्या एकटीच्या पगारात बसायला हवी.”

“हॉट हॅच म्हणतात याला, ताई,” करारवाली मुलगी उत्साहाने म्हणाली. “शरीर छोटं, इंजिन राक्षसाचं. पोरं वेडी असतात यांच्यासाठी. तुम्हाला पण नाद आहे वाटतं?”

“हो,” लेक म्हणाली. “नुकताच लागलाय.”

पहिली लालभडक होती, पाठीवर पंख, अंगावर पट्टे. दुसरी पांढरी, गिअर आपोआप पडणारी. तिसरी करड्या रंगाची, आणि तिच्याकडे बघून कोणी दुसऱ्यांदा मान वळवणार नाही अशी. भिंगकाका तिन्हींच्या भोवती फिरला. रडावं की कोणाचा तरी गळा धरावा हे त्याला कळत नव्हतं, पण गाडी बघता येत होती, म्हणून तो गाडी बघत राहिला.

पांढरी त्याने यार्डामागच्या सरळ रस्त्यावर चालवायला लावली आणि शंभर पावलांतच नापास केली. “पाय दाबल्यावर आधी विचार करते ही. तुला विचार करणारी नकोय.”

करडीत लेक स्टिअरिंगवर बसली, तो शेजारी. तिने गाडी पूर्ण थांबवली, एक श्वास घेतला आणि पाय तळापर्यंत दाबला. गाडीने दोघांना सीटवर असं आपटलं की त्याचे दात एकमेकांवर वाजले. रस्त्याकडेची झाडं अंगावर आली नि मागे गेली. तिने करकचून ब्रेक मारला. पट्टा त्याच्या छातीत रुतला. पुन्हा थांबली, पुन्हा दाबला. पाच वेळा तिने तसं केलं. तिच्या चेहऱ्यावर मजा नव्हती. मान शिरा ताणून पुढे आली होती आणि ओठ हलत होते.

“काय पुटपुटतेस?”

“सेकंद. काळीला शंभरला पोचायला सव्वानऊ लागतात. हिला साडेसहा.”

म्हणजे पावणेतीन सेकंदांसाठी ही पोरगी इथे आली होती. त्याने काचेबाहेर तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते आणि तिला आता त्याचं रडणं सांभाळायला लावायचं नव्हतं.

“हीच घे,” तो म्हणाला. “लालमध्ये आहे तेच इंजिन हिच्यात आहे. पंख नाही, पट्टे नाहीत, म्हणून भाडं कमी. लाल घेतलीस तर प्रत्येक नाक्यावर माणसं लक्षात ठेवतील. ही दिसायला गरीब गाय आहे. हिला बघितलं असं कोणी म्हणणार नाही.”

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “हे मला सुचलं नव्हतं,” ती म्हणाली.

टेबलाशी करारवाल्या मुलीने विचारलं, “करारात वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा टाकू, ताई?”

“तीस हजार.”

“अहो, लॅब तर इथेच आहे ना? एवढे कशाला?”

लेकीने पेन उचललं. त्या मुलीने जिथे जिथे खूण केली होती तिथे तिथे सही केली. भिंगकाका त्या आकड्याकडे बघत राहिला. तीस हजार म्हणजे दोन-तीन तासांवरचं गाव नव्हे. आणि मग, इतक्या उशिरा, त्याला सकाळचा फोन आठवला.

“अगं,” तो म्हणाला. “सकाळी जावईबापूंचा फोन आला होता. गोळ्या पाठवू का म्हणून. मी बोलता बोलता... आज तू जुनी गाडी सोडायला येणारेस, असं बोलून गेलो.”

लेकीने किल्ली उचलली, पिशवी उचलली आणि ती चालू लागली. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

जावई फाटकातून आत येतच होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर तेच हसू.

“बाबा, काय हे? मला सांगायचं तरी. गाडीचा करार वाढवायचं ठरलं होतं आमचं.” मग तिच्याकडे बघून, “चल. घरी बोलू.”

“या, जावईबापू,” भिंगकाकाच्या तोंडून निघून गेलं. एवढ्या वर्षांची सवय. लेकीने ते ऐकलं. ती करड्या गाडीत बसली, दार ओढलं, खटका दाबला, पण काच अर्धी खाली होती आणि नव्या गाडीत काचेचं बटण हाताला पटकन सापडेना.

जावयाने काचेतून हात घालून तिचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा ते स्टिअरिंगवर आदळलं आणि हॉर्न वाजला. त्याच्या चेहऱ्यावर राग असा नव्हताच. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बाटली हलवावी, इतक्या सवयीने तो ते करत होता.

भिंगकाकाच्या हातात टॉर्च होता, पोलादी, पाच सेलचा. पहिला घाव त्याने कोपरावर घातला. हाडाचा आवाज झाला आणि केस सुटले. जावई वळला आणि त्याने दुसऱ्या हाताने सासऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. भिंगकाका पडला. बरगडीत लाथ बसली, मग दुसरी, आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर काहीतरी टणक बाहेर आलं. त्याने तो पाय मिठीत धरला आणि सगळा भार टाकून ओढला. जावई जमिनीवर आदळल्यावर तो त्याच्या छातीवर बसला आणि टॉर्चने हाणू लागला. कानावर, गालावर, खांद्यावर. पहिले दोन-तीन गरजेचे होते. पुढचे नव्हते. टॉर्चची काच फुटली, सेल घरंगळत गेले, तरी तो नळकांड्याने हाणत राहिला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने कोणावर हात उगारला नव्हता, आणि आता त्याला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं त्याला फार भयंकर वाटलं, पण हात थांबत नव्हता. गाड्या धुणाऱ्या दोघांनी बगलेत हात घालून त्याला उपसून काढलं तेव्हा तो थांबला.

जावई उठून बसला. कान फाटला होता, पांढरा शर्ट लाल झाला होता. धुणाऱ्यांपैकी एकाने त्याला खांद्याला धरून खाली दाबून ठेवलं.

“जाऊ द्या तिला,” जावई दम खात म्हणाला. आवाज अजून तसाच मऊ होता. “जाऊन जाऊन जाईल कुठे? आज ना उद्या तुम्हीच सांगाल मला, बाबा. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

करारवाली मुलगी पोलिसांना फोन लावत होती. भिंगकाका फरफटत करड्या गाडीपाशी गेला. लेकीच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिने ते मनगटाने पुसलं आणि इंजिन चालू केलं.

“आधी दवाखान्यात जा,” तो म्हणाला.

“वाटेत जाईन.”

“पोलीस येतील. थांबतेस?”

“मागच्या वेळी थांबले होते. त्यांनी समजूत घालून घरी पाठवलं.” तिने पट्टा लावला. “तुमच्यासारखंच.”

त्याने मान हलवली. माफी मागावी तर तिला ती घ्यायला वेळ नव्हता.

“कुठे जाणारेस ते मला सांगू नकोस,” तो म्हणाला.

“सांगणार नव्हतेच, बाबा.” ती रागाने बोलली नाही. तिने काचेतून हात बाहेर काढून त्याच्या सुजलेल्या गालाला लावला. “गोळ्या घेत जा वेळेवर.”

“दुसऱ्या दुकानातून घेईन.”

ती हसली. तिचा तो दात बाकीच्यांहून जराही वेगळा दिसत नव्हता. मग काच वर गेली.

फाटकाबाहेरचा रस्ता डावीकडेही जात होता आणि उजवीकडेही. भिंगकाकाने फाटकाकडे पाठ केली आणि शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गाडी फाटकापाशी क्षणभर थांबलेली त्याला ऐकू आली. नुसत्या आवाजावरून ती कुठे वळली हे त्याला नक्की कळलं असतं, म्हणून त्याने रक्ताने माखलेले दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धरले, आणि मागून कोणीतरी खांद्याला हात लावेपर्यंत काढले नाहीत.