मध्यंतराचा हार

चहा उकळायच्या आतच अश्लेषाच्या शेजारच्या सासाकी-सान दारात उभ्या. पायांत गोठ्यातले गमबूट, अंगावर मात्र ठेवणीतला जांभळा कोट, आणि दोन्ही हातांत रुमालात बांधलेला लाखेचा डबा.

"ओमेदेतो," त्या म्हणाल्या. म्हणजे अभिनंदन. आणि कमरेत इतक्या वाकल्या की मला धास्तीच वाटली. पंचाहत्तरी उलटलेली बाई, परत नीट उभ्या राहतील ना?

अश्लेषानं डबा घेतला. काल त्यांच्या गोठ्यात वासरू झालं, त्याचं गोडधोड असेल असं तिला वाटलं. मलाही. उघडला तर आत लाल भात, वर काळे तीळ, कडेला आल्याचं लोणचं. इकडे होक्काइदोत हा भात साखरेत मुरवलेले घेवडे घालून गोड करतात. आपला साखरभातच म्हणा ना. शुभकार्याशिवाय कुणी करत नाही.

"वासरू कसं आहे?" अश्लेषानं जपानीत विचारलं.

"वासरू झकास. पण हे वासराचं नाही, आशू-चान. तुझं आणि बुवा-सानचं."

"आमचं काय?"

"लग्न!" सासाकी-सान म्हणाल्या. "काल मी डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या गावाला फोन करून सांगितलंय."

अश्लेषाच्या हातातला डबा कलला. मी खालून धरला म्हणून भात वाचला.

अश्लेषा पूर्वी टोकियोत, निशी-कसाईला आमच्याच इमारतीत राहायची. नवऱ्याबरोबर आली, दोघांचं पटलं नाही, तो पुण्याला परत गेला आणि ही गेली नाही. 'एकटी काय करणार तू इथे?' असं जो तो विचारायला लागला, तर ही होक्काइदोच्या पार पूर्वेला गेली आणि मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडलेली एक शाळा तिनं घेतली. पाहुण्यांना उतरायला वर्गांच्या खोल्या केल्या. सासाकी-सानच्या गोठ्यातल्या दुधाचा चक्का बांधते आणि थंड पेटीतून आमच्याकडे पाठवते. आमच्या इमारतीतलं दसऱ्याचं श्रीखंड तिचंच. हिवाळ्यात बर्फ काढायचं यंत्रही स्वतः चालवते. डांबरी रस्ता तिच्या दारात संपतो. पुढे नुसतं कुरण आणि समुद्र.

अंबरीषबुवा तिथे आले ते पायपेटीसाठी. जपानच्या जुन्या शाळांतून पायानं भाता मारायच्या पेट्या पडून असतात, आपल्या संगीत नाटकांत असायच्या तशा. टोकियोतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून हा माणूस एका छोट्या व्हॅनमधून त्या पेट्या दुरुस्त करत देशभर हिंडतो. झोपणंही बहुतेक व्हॅनमध्येच. कीर्तन मामांकडून आलेलं. चार मराठी माणसं भेटली की झांजा काढून उभे. गणपतीत आमच्याकडे त्यांचं कीर्तन होतं, आणि खरं सांगते, त्यांनी पहिला सूर लावला की पांडुरंग शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. माझा नवरा लक्ष्मीकांत त्यांना नारदमुनी म्हणतो. एका जागी टिकत नाहीत म्हणून.

अश्लेषाच्या शाळेतली पेटी पहिल्या खेपेलाच दुरुस्त झाली होती. तरी बुवा दर हंगामाला येत राहिले. "हवा बदलली की सूर उतरतात," म्हणायचे. तीन रात्री राहायचे आणि चौथ्या सकाळी व्हॅन निघायची.

या मेच्या सुट्टीत मी आणि लक्ष्मीकांत तिच्याकडे गेलो, तेव्हा बुवा आलेलेच होते.

"खरंच सूर उतरतात का गं?" मी अश्लेषाला विचारलं होतं.

ती चक्क्याचं फडकं पिळत होती. "छे. मी रोज वाजवते की." मग फडकं पुन्हा पिळलं, त्यात पाणी उरलेलं नसताना. "मेधा, या वेळी त्यांनी जाऊ नये असं वाटतंय. पण मी म्हणणार नाही. हिंडत्या माणसाला थांब म्हटलं की तो थांबतो, आणि मग रोज खिडकीबाहेर बघत बसतो. तसा माणूस मला घरात नकोय. आणि ही जागा सोडून मी काही व्हॅनमध्ये बसणार नाही."

"त्यांना काय वाटतं ते विचारलंस?"

"विचारलं आणि हो म्हणाले तर खरं कसं कळणार? भिडेनं म्हणाले असतील." आणि चक्क्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून तिनं विषय संपवला.

तर कालचं कीर्तन. संगीताच्या वर्गात गादी अंथरली, पायपेटीवर अश्लेषा बसली, तबल्याच्या जागी लक्ष्मीकांतनं लाकडी बाक घेतलं. श्रोत्यांत मी, सासाकी-सान आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. 'देव राहतो कुठे' असा पूर्वरंग होता. सासाकी-सानना शब्द कळत नव्हता, पण मान डोलवत होत्या माझ्यापेक्षा जोरात.

मग मध्यंतर झालं. मध्यंतराला यजमानानं बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि मग बुवांनी आख्यानाला हात घालायचा, ही कीर्तनाची रीत. यजमान म्हणजे अश्लेषाच. तिनं मागच्या उन्हाळ्यात अंगणात लावलेला झेंडू वाळवून ठेवला होता, त्याचा हार ओवला होता. तो तिनं बुवांच्या गळ्यात घातला. आम्ही देवाचा जयजयकार केला, टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात सासाकी-सानचा फोन वाजला. गाय अडली होती, वासराचे पाय तेवढे बाहेर आले होते, आणि गोठ्यावरचा गडी एकटा. बुवा लगेच निघाले. धावायचं तर धोतर खोचायला हवं, त्याला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि देवापुढचा हार काही जमिनीवर ठेवायचा नसतो. समोर अश्लेषा उभी होती. त्यांनी गळ्यातला हार काढला, तिच्या गळ्यात घातला, "धरा जरा," म्हणाले आणि पळाले.

आता हे सासाकी-सानच्या बाजूनं बघा. अश्लेषानं त्यांना एकदा चुलतबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवला होता. सप्तपदी, कन्यादान कुठवर समजावणार, म्हणून तिनं एका वाक्यात आटपलं होतं: "एकमेकांना हार घातले की झालं लग्न." त्यांनी ते पक्कं लक्षात ठेवलं होतं.

वासरू सुखरूप बाहेर यायला अंधार पडला. धोतर नेसून दोर ओढणारा माणूस त्या गोठ्यानं पहिल्यांदाच पाहिला असेल. सगळे दमले, आख्यान राहून गेलं. गादी तशीच अंथरलेली राहिली.

आणि सकाळी हा लाल भात.

बुवा बाहेर व्हॅनमध्ये हत्यारांची पेटी चढवत होते. सासाकी-सान तशाच तिकडे गेल्या आणि त्यांच्यापुढेही वाकल्या. "ओमेदेतो, बुवा-सान."

"आरिगातो गोझाइमास," असे आभार मानून बुवाही वाकले. मग त्यांनी विचारलं, कशाबद्दल? सासाकी-साननी सांगितलं. बुवा वाकलेले वरच येईनात.

"बुवा, आहेर तर स्वीकारलात!" लक्ष्मीकांत दारातून ओरडला.

"सवयीनं म्हणाले ते," अश्लेषा कानापर्यंत लाल होत म्हणाली. "या देशात कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच वाकतो. तू गप रे लक्ष्मीकांत. मी जाऊन सगळ्यांना सांगून येते की तसं काही नाही." आणि ती बूट घालायला खाली बसली. एक बूट पायात गेला. दुसरा हातातच राहिला.

मी बाहेर गेले.

"बुवा, आख्यान टाकून निघालात?"

"टाकून नाही हो मेधाताई. उरलेलं पुढच्या खेपेला."

"गादी अंथरलेली आहे. आरती झाल्याशिवाय बुवांनी गादी सोडू नये, हे मी तुम्हाला सांगायचं?"

ते पट्टा आवळत राहिले. आवळलेलाच होता. "काल तिसरी रात्र झाली."

"मग?"

"फळा वाचला नाहीत तुम्ही?"

शाळेच्या दारातल्या फळ्यावर अश्लेषा रोज सकाळी लिहिते. आजची हवा, बसची वेळ, जेवायला काय आहे, आणि खाली मराठी, जपानी, इंग्रजीत: एका पाहुण्याला तीनच रात्री.

"अहो, एक फोटोवाला महिनाभर ठाण मांडून बसला होता, म्हणून लिहिलंय ते!"

"असेल. पण रोज सकाळी स्वतःच्या हातानं गिरवतात त्या. मी येतो तेव्हाही." बुवांचा आवाज कीर्तनातला नव्हता, अगदी साधा होता. "एकटीनं उभं केलंय सगळं. आपण पायात येऊ नये. मागच्या खेपेला चौथ्या सकाळी मी उगाच तासभर टायर तपासत बसलो, थांबा म्हणतील म्हणून. त्यांनी वाटेसाठी थालीपिठांचा डबा आणून दिला. मग काय, निघालो."

मी धावतच आत आले. अश्लेषा अजून एकच बूट घालून बसलेली. जे ऐकलं ते सगळं तिला सांगितलं, एक अक्षर न गाळता.

"टायर तपासत होते?" ती म्हणाली. "मला वाटलं, निघायची घाई झालीय. म्हणून तर पहाटे उठून थालीपिठं लावली."

मग ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, पायातला बूट काढला आणि दारात जाऊन हाक मारली, "बुवा, गादी अंथरलेली आहे. या आत."

सासाकी-सान आधीच संगीताच्या वर्गात जाऊन बसल्या होत्या. लग्नानंतर काहीतरी कार्यक्रम असणारच, असं त्यांनी धरलं होतं. लक्ष्मीकांतनं बाक ओढलं. बुवा अंगातल्या जाड जॅकेटवरच उपरणं टाकून गादीवर उभे राहिले, झांजा हातात घेतल्या, पण वाजवल्या नाहीत.

"यजमानांनी सांगावं," ते म्हणाले, "कोणतं आख्यान लावू?"

अश्लेषाचे पाय पेटीच्या भात्यावर होते. "सगळ्यांत लांब कोणतं?"

"रुक्मिणीचं. आमचे मामा सात दिवस चालवायचे."

"मग तेच लावा."

पेटीचा भाता नुसताच वर-खाली होत होता, सूर नाही. बुवांनी एकदा दाराकडे, फळ्याच्या दिशेनं पाहिलं.

"तिथे तीन लिहिलंय."

"ते पाहुण्यांसाठी," अश्लेषा म्हणाली. "खडूनं लिहिलंय आणि फडकं माझ्याकडे आहे. पण बुवा, खिडकीबाहेर बघत बसायचं असेल तर आत्ताच सांगा. मला राग नाही येणार."

"बघणार तर," बुवा म्हणाले. "या बाजूला कितीतरी शाळा बंद पडल्यात. पेट्या सगळीकडे आहेत. सकाळी जाईन, एखादा दिवस लांब पडलं तर दुसऱ्या दिवशी. पण व्हॅनचं तोंड इकडेच असेल. व्हॅनमध्ये झोपून माझी पाठ गेलीय, अश्लेषा. मी हिंडतो ते काही नारदासारखं कुणाच्या शापानं नाही. कुणी बस म्हणालं नाही म्हणून."

त्यांनी तिला नेहमीसारखं 'अश्लेषाबाई' म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असावं. तिनं पांढरी पट्टी सोडून भलतीच काळी दाबली.

"आणि सात दिवस संपले की?" तिनं विचारलं.

"आख्यान माझं आहे," बुवा म्हणाले. "किती लांबवायचं ते बुवांच्या हातात असतं."

लक्ष्मीकांतनं बाकावर अशी थाप मारली की सासाकी-सान दचकल्या. माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, काय चाललंय, भांडताहेत का?

"नाही," मी म्हटलं. "तुमचा भात वाया गेला नाही म्हणताहेत."

"मग मी गावाला परत फोन करायची गरज नाही ना?"

"मुळीच नाही."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पाय लांब केले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ताल कुठे आहे ते न बघता. बुवांच्या झांजा त्यांच्या टाळ्यांना जाऊन मिळाल्या. मी हात जोडले. देवा, तुझ्या मध्यंतराला कोणतं काम कुठे होईल, सांगता येत नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी कुशिरोहून विमान पकडलं. पुढच्या रविवारी निशी-कसाईत चक्क्याची पेटी आली ती उघडता उघडता मी अश्लेषाला फोन लावला.

"आठ दिवस झाले गं. रुक्मिणीचं लग्न लागलं का?"

"कुठलं! रुक्मिणीचं पत्र घेऊन निघालेला ब्राह्मण अजून द्वारकेला पोचायचाय. वाटेत त्याला एक गोठा लागला, तिथे वासराचं बारसं होतं, असं काल बुवांनी घुसडलं. मी जपानीत सांगितलं, तर सासाकी-सान खूश."

मागे पेटीचा एकच सूर कुणीतरी बराच वेळ धरून ठेवला होता.

"आणि फळा?"

"लिहिलाय की. आजची हवा, बसची वेळ, जेवायला भरली वांगी." ती थांबली. "आणि आख्यान, रोज चार वाजता."