सहा मिनिटांचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे, आणि तोही पायाने वाजवायचा. इतरांच्या नशिबी उठता लाथ, बसता बुक्की असते. माझ्या वाट्याला नुसत्या लाथाच आल्या. पण त्या लाथांवरच मी मोठा झालो, हे छाती पुढे काढून सांगतो.

एका कारखान्यात लाकडाच्या पातळ फळ्या वाफेवर वाकवून माझं गोल अंग घडवलं. म्हाताऱ्या कारागिराने बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाला, "पोटात आवाज आहे याच्या." पुढे मला एका रॉक बँडच्या ड्रमरने घेतलं. त्याला सगळे धडाम म्हणत. गाणारी त्याची थोरली बहीण. तिला सगळा बँड ताईच म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही सभागृहं दणाणून सोडली. खरं सांगायचं तर तेव्हा सगळा मान हाताने वाजणाऱ्या लहान ड्रमांचा. धडामला वाटलं तर माझ्यावर पाय, नाहीतर मी आपला बसून.

एके दिवशी तालमीत ताईने डिस्कोचं सहा मिनिटांचं गाणं आणलं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दर मात्रेला माझा ठोका. एक, दोन, तीन, चार, चारही माझे. मी हरखून गेलो. गिटारवाल्याने मात्र गिटार पेटीत ठेवली.

"ताई, हे गाणं आहे की कवायत? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. अकरा वर्षं लोक आपल्यासमोर हाताची घडी घालून बसतात. मला त्यांचे पाय हललेले बघायचेत."

तो गेला तो गेलाच. धडाम बहिणीसाठी थांबला, पण तोंड फुगवून.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माझं पुढचं कातडं काढलं आणि आवाज घुमू नये म्हणून पोटात चक्क उशी कोंबली. एवढा अपमान मी कधी सोसला नव्हता. पण मग जो ठोका बाहेर पडला, तो इतका भरीव होता की मी स्वतःवरच खूश झालो. अडचण धडामची होती. ओळ संपली की त्याचे हात सवयीने लहान ड्रमांवर धावत आणि गाणं बिघडे. आठ वेळा असं झाल्यावर ताईने ते लहान ड्रम स्वतः उचलून खोलीबाहेर नेले.

"मग माझं काय उरलं यात?" धडामने विचारलं. "हा ठोका तर यंत्रही देईल."

"देईल ना. पण माझा श्वास कुठे अडकतो, ते यंत्राला कळतं का?" ताई म्हणाली. "मला मागे तू हवायस."

नवव्या वेळी गाणं नीट झालं.

ते बाजारात आलं आणि चाहत्यांमध्ये दोन तट पडले. 'ताईने गाणं विकलं' असं कुणीतरी सभागृहाच्या भिंतीवर रंगवलं. त्याच सभागृहात आमचा कार्यक्रम होता. गाणं सुरू होताच पुढच्या चार रांगा उठल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ताईचा आवाज चिरकला. तिने वळून भावाकडे पाहिलं. तिथे मी गप्प झालो असतो, तर ताई पुन्हा मंचावर चढली नसती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. धडामच्या पायाला कापरं भरलं होतं. मला ते कातड्यावर जाणवत होतं. पण पाय थांबला नाही. दुसऱ्या कडव्यात ताईचा आवाज जागेवर आला. मग मागच्या बाजूला हालचाल दिसली. आमच्या चाहत्यांच्या सोबतीला आलेल्या त्यांच्या बहिणी, थंड पेयं विकणारा, तिकिटं तपासणाऱ्या जाडजूड काकू, सगळे नाचत होते. पुढच्या रांगा शेवटपर्यंत वळल्या नाहीत. त्यांतले बरेच पुन्हा कधी आलेही नाहीत. गाणं संपल्यावर धडामने स्वतःचा घाम पुसण्याआधी माझं कातडं पुसलं.

आता धडामचा गुडघा दुखतो आणि मी माळ्यावर असतो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात, त्याचा मला राग येतो. मित्रांनो, ड्रम म्हणजे तिपाई नव्हे. कातडं सैल करून कोरड्या जागी ठेवलंत, तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू. आणखी एक मागणं आहे. तुमचं माणूस काही नवं करायला उभं राहील आणि लोक पाठ फिरवतील, तेव्हा तुम्हाला ते पटलं नसलं तरी त्याच्या मागे बसा. धडामला ते गाणं आजही आवडत नाही. पण त्या सहा मिनिटांत त्याने एकही ठोका चुकवला नाही.